पाखाडीचा गोठा, नाताळ २०२४: कामाची वही आणि ‘ह्याचं काय?’ रकाना

नोकरी सांभाळून नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करणाऱ्यांसाठी ही वही ठेवली आहे. मी मूर्तिकार नाही. सकाळी विरार लोकल, संध्याकाळी विरार लोकल, उरलेल्या वेळात पडवीत माती. जागा आमच्या वसईच्या पाखाडीतल्या (पाखाडी म्हणजे ख्रिस्ती घरांची वस्ती) क्रूसाशेजारची, दहा फूट बाय सहा फूट. वर्गणी १२,००० रुपये. हाताशी चुलतभाऊ (वायरिंगचं काम करतो, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो), बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि मनात आलं तर येणारी चार-पाच पोरं.

खर्चाच्या पानावर यंदा एक जादा रकाना आखला आहे. दुसऱ्याचा गोठा बघून जे पैसे किंवा जे तास गेले, ते त्यात लिहायचे. नाव ‘ह्याचं काय?’ ते कुठून आलं, ते पहिल्याच नोंदीत आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

गेल्या वर्षीचा हिशोब आधी सांगतो, म्हणजे लपवाछपवी नको. १९,४०० रुपये घातले. फिरणारी पवनचक्की, धूर, रंग बदलणारे दिवे. गोठ्यांच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ मिळालं. शेजारच्या पाखाडीचा पहिला नंबर आला आणि त्यांचा गोठा करणारा माझा शाळेपासूनचा मित्र, त्याच्याशी मी दोन महिने धड बोललो नाही. रस्त्यात दिसला की फोन कानाला लावायचो. बाळ येशूसाठी केलेल्या कामाचं हे फळ.

म्हणून आज मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर फादरांना म्हटलं, यंदा हात लावावासाच वाटत नाही. वाटलं होतं, दहा मिनिटं समजावतील. त्यांच्या हातात स्कूटरची किल्ली होती. म्हणाले, ‘योहान एकविसावा अध्याय वाच. शेवटपर्यंत वाच, माशांवर थांबू नकोस.’

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला हा अध्याय वाचताना मी नेहमी माशांवरच थांबायचो. एकशे त्रेपन्न मासे, काठावर पेटवलेले कोळसे, भाकर. त्याच्या पुढे येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस ना, आणि कोकरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्या हवाली करतो. एवढं मोठं काम नुकतंच पदरात पडलंय आणि पेत्र काय करतो? मागे वळून बघतो. दुसरा शिष्य येताना दिसतो आणि हा विचारतो, ‘प्रभूजी, ह्याचे काय?’ उत्तर मिळतं, ‘त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये.’ त्या दुसऱ्याचं पुढे काय होणार, हे येशू सांगतच नाही.

मला शरम वाटायला हवी होती, आलं हसू. पेत्र अगदी आमच्या पाखाडीतला वाटला.

ठरवलं ते असं. एक, २४ डिसेंबरपर्यंत दुसऱ्या कुणाचा गोठा बघायला जायचं नाही, गोठ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप बंद. दोन, नियम मोडलाच तर रकान्यात लिहायचं, रुपयांत आणि तासांत.

२० ऑक्टोबर, रविवार

सामान आणलं. शाडू ३० किलो ९००. तार, कोंबडीजाळी, सुतळी ६४०. बांबू काकांच्या वाडीतले, फुकट, पण तोडणाऱ्याला ३०० दिले. मूर्ती दीड फुटी करायच्या: मारिया (येशूची आई), योसेफ (तिचा नवरा), बाळ येशू, दोन मेंढपाळ, बैल, गाढव, चार मेंढ्या. बाळाला भेटायला येणारे तीन राजे गेल्या वर्षीचेच वापरणार. ते तसेही जानेवारीत पोचतात.

पोरांनी विचारलं, यंदा थीम काय? मी म्हटलं, गोठा. त्यांची तोंडं उतरली.

२७ ऑक्टोबर, रविवार

सांगाडे झाले. जाड तारेचा कणा, त्याला हातपाय पिळून. मोबाइलवर एका परदेशी मूर्तिकाराचा व्हिडिओ बघितला होता. तो नुसत्या तारेवर थेट माती चढवतो आणि अर्ध्या तासात माणूस उभा करतो. मीही तसंच केलं. योसेफ आणि एक मेंढपाळ रात्री साडेअकरापर्यंत उभे राहिले. फार खूश होतो.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीची सुट्टी होती म्हणून काम पुढे जाईल वाटलं होतं. काल बघितलं तर योसेफाचा डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत उभा फाटलाय, तार दिसतेय. मेंढपाळाच्या गळ्याभोवती गोल चीर, डोकं नुसतं टेकलेलं.

चूक कुठे झाली ते दादाने एका मिनिटात सांगितलं. शाडूला वाळताना आकसायचं असतं, तार आकसत नाही. आत जागा नसली की माती फाटणारच. व्हिडिओवाल्याची माती वेगळी होती, तेलात मळलेली, न वाळणारी. मी त्याची माती बघितलीच नाही, त्याचा वेगच बघत बसलो.

चिरा पाण्यात कालवलेल्या पातळ शाडूने भरून बघितल्या. सकाळी त्याच जागी परत उघडल्या. दोन्ही मूर्ती फोडून माती बादलीत भिजत घातली. शाडूचं हे बरं असतं, माती वाया जात नाही.

रकाना: ५ तास.

१० नोव्हेंबर, रविवार

नवी कृती, ही जमली. तशीच देतो.

जुनी वर्तमानपत्रं बोटभर तुकडे करून दोन दिवस भिजवायची, मग मिक्सरमधून काढून पिळायची. बायकोचा चांगला मिक्सर वापरू नका, आमच्याकडे त्यावरून झालं. एक वाटी पिळलेला लगदा, तीन वाट्या मळलेली शाडू, दोन चमचे मेथीची पूड रात्री भिजवून. मेथीने चिकटपणा येतो. वास आठ दिवस घरभर राहतो, मुलगी म्हणाली योसेफ लाडवासारखा वासतो.

तारेवर आधी पेंढा, त्यावर सुतळी गच्च न बांधता जराशी सैल गुंडाळायची. माती आकसली की पेंढा दबतो आणि चीर पडत नाही. माती एका वेळी अर्ध्या बोटापेक्षा जाड चढवू नका. पहिला थर हाताला गार लागेनासा झाला की दुसरा. वाळवायचं सावलीत, ओलसर फडक्याखाली. उन्हात ठेवायचा मोह होतो, पण तो टाळा.

योसेफ पुन्हा उभा केला. हा पहिल्यापेक्षा बुटका आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

नियम मोडला.

रंग आणायला निघालो होतो. सरळ रस्त्याने गेलो असतो तर दहा मिनिटं. गेलो शेजारच्या पाखाडीवरून, आणि ते आपोआप झालं असं मी म्हणणार नाही. त्यांनी निळी ताडपत्री लावली होती, पण एका बाजूने वाऱ्याने उडालेली. आत पंधरा फुटांचा लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी आणि वरून खाली येणारा पाइप. धबधबा!

पोटात काहीतरी हललं. भूक लागते तसं, पण भुकेचं नाही.

दुकानात रंग ७८० चे घेतले. मग पंप ४८०, पाइप २२०, पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिस) तीन गोणी ७८०, गोणपाट ३००. शिवाय नाताळचा तारा फिरवायची मोटर, ६५०. तारा फिरवायचा आहे हे मला दुकानात उभं राहिल्यावरच कळलं. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की डोंगर केला तर गोठ्याला ‘उठाव’ येईल. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं.

दादा एवढंच म्हणाला, ‘पीओपीवर पाणी सोडणार? सिमेंट तरी लाव.’ मी म्हटलं, वरून ऑइल पेंट मारू, काही होत नाही.

रकाना: २,४३० रुपये. तास अजून मोजायचे आहेत.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, सुट्टी. बोटाला शाई आणि हाताला पीओपी. एक गोणी दमट निघाली, तासभर थांबलो तरी धरेना. वसईच्या हवेत उघडं पीओपी ठेवलं की ते मरतं. घेताना गोणी दाबून बघा, आत गुठळ्या लागल्या तर घेऊ नका.

बाकी दोन गोण्यांत गोणपाट बुडवून जाळीवर चढवले. दुपारी चारला डोंगर दिसायला लागला. खरं सांगतो, झकास दिसत होता. मी मोबाइलवर फोटो काढला आणि ग्रुप पुन्हा चालू करून टाकला. बावीस अंगठे आले. मित्राचा नव्हता. तो अंगठा येतो का, हे बघत दोन तास गेले.

रकाना: डोंगर ९ तास, अंगठा २ तास.

२४ नोव्हेंबर, ख्रिस्तराजाचा रविवार

शनिवारी रात्री पंप चालू करून बघितला. पाणी पडलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. रात्रभर चालवून बघू म्हटलं, टाकी कुठे गळते का ते कळेल.

रात्री अकराला खिडकीतून बायकोने हाक मारली. वरचा पाइप क्लिपमधून सुटला होता आणि पाणी धबधब्याऐवजी डोंगराच्या पाठीत जात होतं. ऑइल पेंट पुढच्या बाजूलाच मारला होता. पाठीला कोण बघणार? ओल्या पीओपीचं दही झालं होतं. आम्ही पंप बंद करेपर्यंत वरचा निम्मा भाग हळूच, अगदी आवाज न करता, पुढे झुकला आणि गुहेवर बसला. गुहेत मी मारिया सावलीत वाळत ठेवली होती. उजवा खांदा, हात आणि मांडीवरचं बाळ, सगळं सपाट.

दीड वाजेपर्यंत उपसत होतो. दादा आला, लुंगीवर, एक शब्द न बोलता फावडं घेतलं. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य त्याने अजूनपर्यंत म्हटलेलं नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

सकाळच्या मिस्सात मी शेवटच्या बाकावर बसलो, नखांत पांढरं.

रकाना: ७ तास, शाडू आणखी १० किलो ३०० रुपये.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

शेजारचे बरेच लोक गोव्याला गेलेत, जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचं शवदर्शन २१ पासून सुरू झालंय. पाखाडी शांत. पडवीत बसून मोडका खांदा बघत होतो तर मोठी काकी आली. डोंगराचा ढीग बघून म्हणाली, ‘तुझा बाप केळीच्या सोपटांचा गोठा करायचा. कंदील एकच. लोक गुडघ्यावर बसायचे.’

म्हणजे शेजाऱ्याची तुलना संपते न संपते तोवर बापाशी सुरू. काकीचं मन वाईट नव्हतं. पण मला ते लागलं.

रात्री बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढला. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले यहुदी लोक यरुशलेमात नव्या मंदिराचा पाया घालतात. तरुण आनंदाने ओरडतात. ज्यांनी पहिलं मंदिर डोळ्यांनी बघितलं होतं ते म्हातारे मोठ्याने रडतात, आणि रडण्याचा आवाज कुठला, आनंदाचा कुठला हे कुणालाच ओळखू येत नाही. म्हाताऱ्यांना तिथे कुणी रागावत नाही. पाया उकरून परतही कुणी घालत नाही. काम तसंच पुढे जातं.

काकीला उद्या विचारणार, सोपटं कशी बांधायचे.

१ डिसेंबर, आगमनकाळाचा पहिला रविवार

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे. चर्चमध्ये त्यातली पहिली जांभळी मेणबत्ती लागली. आमच्याकडे डोंगराचा राडारोडा हातगाडीने गेला.

आता डोंगर नाही, गुहा नाही. वेळच उरलेला नाही, म्हणून जे हाताशी आहे त्यातून आपल्या वाडीतला गोठा करतोय. बांबूचे सहा खांब, वर नारळाचे झाप, मागची भिंत कुडाची, तिला शेण-मातीचा गिलावा. काकीने सोपटं सोलून दाखवली: केळीच्या खोडाचा बाहेरचा काळा पडलेला थर काढून टाकायचा, आतला गुळगुळीत थर उभा फाडायचा, एक दिवस उन्हात टाकायचा आणि बांधायच्या आधी पाणी मारायचं, म्हणजे गाठीवर मोडत नाही. एका दिवसात छप्पर झालं. झाप आणि पेंढा आणायला टेम्पोचे ५०० गेले.

संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी पहिला गोठा केला, तेव्हा मूर्तीच नव्हत्या म्हणतात. गव्हाण, गवत, खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव. हे आठवलं ते पोरांना सांगितलं. एकाने विचारलं, मग आपण खरा बैल आणू या का? नाही आणू या.

४ डिसेंबर, बुधवार

डिसेंबरात असा उकाडा मी बघितला नाही. लोकलमध्ये घाम, पडवीत घाम. नवी मारिया एका दिवसात वरून कडक आणि आतून ओली. हे धोक्याचं असतं. ओलं गोणपाट चारी बाजूंनी टांगलं, रात्री उठून दोनदा पाणी शिंपडलं. मानेला बारीक एक रेघ आली, ती लगद्याने बुजली.

८ डिसेंबर, रविवार

चेहरे. आजच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गोठा करणारे सगळे इथेच अडतात.

बाजारातल्या साच्यातली मारिया गोरी, निळ्या डोळ्यांची, नाक सरळ. माझ्या डोक्यात तीच बसलेली आणि माझ्या हातातून ती येत नाही. नाक केलं की गालाचा खड्डा होतो, गाल भरला की नाक बसतं. मुलीने विचारलं, ‘पप्पा, ही आपल्यासारखी का नाही?’

मला चित्रकार अँजेलो द फोन्सेका आठवले. १९०२ साली गोव्यात सांतो इस्तेव्ह इथे जन्मलेले, शांतिनिकेतनात शिकलेले. साडी नेसलेली, आपल्याकडच्या बाईसारखी मारिया त्यांनी रंगवली. त्यावरून गोव्यात त्यांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं, युरोपातली चित्रंच खरी मानणारे लोक होते. मग पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते काम करत राहिले आणि १९६७ मध्ये पुण्यातच वारले.

एवढं वाचून धीर यायला हवा. मी केलं काय? त्यांची चित्रं मोबाइलवर मोठी करून तशी मान, तशा पापण्या करायला बसलो. शुक्रवार-शनिवार गेला. अर्थात जमलं नाही. ज्या माणसाने दुसऱ्याची मारिया काढायचं नाकारलं, त्याचीच मारिया मी उतरवत होतो!

रकाना: ४ तास.

आज मोबाइल आत ठेवला आणि बायकोला समोर बसवलं. ती भाजी निवडत होती. खाली बघणाऱ्या बाईचे डोळे करणं सोपं असतं, हे त्यातून कळलं: पापणी म्हणजे मातीची एक तांदळाएवढी वळी, ती अर्धगोलात ठेवायची आणि दातकोरणीच्या टोकाने खालची कड दाबायची. बुबुळ करायची गरजच नाही. ओठ दोन वळ्या, मधली रेघ सरळ न ओढता टोकाशी थांबवायची. ओल्या ब्रशने एकदाच पुसायचं. दुसऱ्यांदा पुसलं की चेहरा साबणासारखा होतो.

नाक जरा बसकंच आहे. आमच्याकडे सगळ्यांचं असंच आहे. अंगावर आजीच्या लाल चौकडीच्या लुगड्याचा तुकडा, ट्रंकेतून काढलेला. बाकी कापड आणि किरकोळ सामान ४२०.

मेंढ्या मुलीने आणि काकीने केल्या, काथ्याच्या गोळ्यावर कापूस. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात निवासमंडपाच्या, म्हणजे देवासाठी उभारलेल्या तंबूच्या, कामात बकऱ्यांचे केस कातणाऱ्या बायका आहेत. बसालेल आणि अहलियाब या कारागिरांची नावं सगळ्यांना ठाऊक, त्या बायकांची नावं तिथे दिलेली नाहीत. काकीला हे सांगितलं तर म्हणाली, ‘कापूस संपलाय, तेवढा आण.’

गाढव कुत्र्यासारखं झालंय. कान बदलले, तरी कुत्रंच.

१२ डिसेंबर, गुरुवार

काल रात्री गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी भिजवली, आज फडक्यात बांधली. नव्यांसाठी: नाचणी बारा तास भिजवायची, एक दिवस मोड यायला, मग दोन बोटं मातीवर दाट पसरायची आणि वरून माती नुसती भुरभुरायची. दहाएक दिवसांत मऊ हिरवळ येते. डिसेंबरच्या सुरुवातीलाच पेरली तर २४ तारखेला पिवळी पडून आडवी होते. चार ट्रे केले, २६० रुपये.

१५ डिसेंबर, रविवार

उकाडा गेला आणि एकदम थंडी. नाचणी जागची हलेना. ट्रे रात्री घरात, चुलीच्या खोलीत.

आजच्या शुभवर्तमानात लोक योहान बाप्तिस्त्याला विचारतात, आम्ही काय करावं? शिपायांना तो सांगतो, पगारात समाधानी राहा. शिपाईगिरी सोडा म्हणत नाही.

संध्याकाळी मित्राचा फोन. वर्षभरात पहिला. त्यांच्या नाचणीला बुरशी आली, सगळे ट्रे गेले, कुठे मिळेल का. पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. ते लिहितोय, कारण वही खरी ठेवायची ठरवली आहे. मग म्हटलं, ये, दोन ट्रे ने.

आला. कोपऱ्यात पडलेला पंप बघून विचारलं, धबधबा करणार होतास? सगळं सांगितलं. तो हसतच सुटला. म्हणाला, ‘अरे, तुझी ती गेल्या वर्षीची पवनचक्की! ती बघून मी यंदा चार मोटरी घेतल्यात. दोन अडकतात.’ पहिला नंबर आलेला माणूस माझ्या उत्तेजनार्थ पवनचक्कीमागे लागला होता.

फिरत्या ताऱ्याची मोटर त्याला देऊन टाकली. जाताना त्याने गाढवाकडे बघितलं आणि सांगितलं, कान कितीही बदल, मान आखूड आहे आणि तोंड टोकदार, नाकपुडीकडे बोथट कर. केलं. आता ते गाढव नाही, पण कुत्रंही नाही.

२२ डिसेंबर, रविवार

दादाने वायरिंग केलं. बारा व्होल्टची एलईडी पट्टी, अडॅप्टर आणि वायर मिळून १,४५०. पेंढा आणि झापाच्या गोठ्यात साधे बल्ब किंवा हॅलोजन लावू नका, तापतात. अडॅप्टर गोठ्याच्या बाहेर, जमिनीपासून वर. प्रकाश एकच, गव्हाणीच्या मागून. पोरांनी मागितलेले रंगीत दिवे बाहेरच्या आंब्यावर लावू दिले, तिथे ते छान दिसतात.

स्पर्धेवरून वाद झाला. मला भाग घ्यायचा नव्हता. पोरं म्हणाली, ‘तुम्हाला त्रास होतो म्हणून आम्ही का नको?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्म भरला.

२४ डिसेंबर, मंगळवार

परीक्षक दुपारी येऊन गेले, सात मिनिटं थांबले. मी घड्याळ बघितलं, म्हणजे अजून मी मीच आहे. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर बाळ गव्हाणीत ठेवलं. नाचणी चार बोटं, हवी तशी.

शेजारच्या घरातल्या तीन वर्षांच्या पोराने गाढवासमोर बिस्किट ठेवलं आणि ‘यू यू’ केलं.

२६ डिसेंबर, गुरुवार

नंबर आला नाही. पोरं एक दिवस घुसमटली, मग क्रिकेटला गेली.

नियम संपला म्हणून मुलीला स्कूटरवर घेऊन गोठे बघायला निघालो, दिवसभरात चौदा. पाचव्या गोठ्यापाशी पोटात पुन्हा तेच. भलामोठा, हलणारे उंट. तिथे मेंढीची लोकर कशाची आहे ते मुलीने हात लावून बघितलं, आणि करणाऱ्या आजोबांनी तिला अर्धा तास दाखवलं. मी बाहेर चहा घेतला. रकाना: शून्य रुपये.

मित्राचा धबधबा चालू होता. सिमेंटवर केला होता.

गोठ्यात मुंग्या झाल्यात. ते पोरगं रोज एक बिस्किट ठेवतं. हळदीची रेघ ओढून बघितली, ओलांडतात.

५ जानेवारी २०२५, रविवार

राजे आले, त्यांचा एक दिवस झाला, संध्याकाळी गोठा उतरवला.

हिशोब: गोठ्याला खरे लागले ५,२५०. ‘ह्याचं काय?’ रकान्यात २,७३० रुपये आणि २७ तास. एकूण ७,९८०. उरलेले ४,०२० पाखाडीच्या खात्यात परत.

मूर्ती जुन्या चादरीत गुंडाळून, कडुलिंबाचा पाला घालून माळ्यावर. जमिनीवर ठेवू नका, पावसाळ्यात शाडू पाणी ओढते. सोपटं खड्ड्यात, नाचणी काकीच्या शेळीला. मारियाचं लुगडं काढून धुऊन बायकोने परत ट्रंकेत ठेवलं.

गाढव गुंडाळलं नाही. ते पोरगं रडत होतं म्हणून त्याच्या घरी दिलं. पुढच्या वर्षी नवं करावं लागेल, मान लांब.